परमुलखातील पाखरांची ओळख

परक्या देशात उतरलेल्या मनुष्यास तेथील नाणी, खाणेपिणे आणि बोलण्यातले चार शब्द यांचा परिचय दोन-तीन दिवसांत करून घेता येतो, कारण या गोष्टी सांगणारी माणसे, दुकाने आणि पाट्या त्याच्या वाटेवर उभ्याच असतात. परंतु मुक्कामाच्या खिडकीबाहेर पहाटे जो कोणी गात असतो तो कोण, या साध्या प्रश्नाचे उत्तर देणारे तेथे सहसा कोणी भेटत नाही. आपल्या गावी दयाळ, भारद्वाज, तांबट यांना नुसत्या आवाजावरून ओळखणाऱ्या जाणत्याचेही सारे ज्ञान सरहद्द ओलांडताच लटके पडते आणि त्याला पुन्हा नवशिक्यांच्या पंक्तीत जाऊन बसावे लागते. अशा वेळी आजचा प्रवासी गळ्यातली दुर्बीण डोळ्यांस लावतो, खिशातून एक लहानसे सचित्र पुस्तक काढतो आणि थोड्या खटपटीने त्या पाखराचे नाव हस्तगत करतो. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी आणि कशी मिळवून दिली, याची विचारपूस करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. वास्तविक जिवंत पक्ष्याच्या अंगाला हात न लावता त्याला ओळखणे, आणि त्या ओळखीवर इतरांनी विश्वास ठेवणे, हा रिवाज फार जुना नाही. दीडशे वर्षांपूर्वी पक्ष्याचे नाव कळावयाचे तर बहुधा पक्ष्याला मरावे लागे.

अठराव्या शतकातील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या हँपशायर परगण्यातील सेल्बोर्न या खेड्यात राहून निसर्गाची बारकाईने टिपणे करणारे गिल्बर्ट व्हाइट यांचे नाव पक्षिशास्त्राच्या वाचकांस परिचित आहे. त्यांचे बंधू जॉन व्हाइट हे १७५६ पासून १७७२ पर्यंत जिब्राल्टरच्या लष्करी ठाण्यावर धर्मोपदेशक होते. युरोप आणि आफ्रिका यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या सामुद्रधुनीवरून दर वसंतात व शरदात पक्ष्यांचे थवेच्या थवे ये-जा करतात, आणि ठाण्याच्या खडकावर उभ्या असलेल्या मनुष्यास तो सोहळा अनायासे पाहावयास मिळतो. परंतु पाहणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. दक्षिण स्पेनमधील पक्ष्यांची नावे एका परक्या धर्मोपदेशकास सांगेल असा ग्रंथ त्या वेळी उपलब्ध नव्हता. तेव्हा मारलेल्या पक्ष्यांचे नमुने पेटाऱ्यांत भरून जहाजाने मायदेशी बंधूंकडे पाठवावे, त्यांनी ते पाहून अभिप्राय कळवावा, शंका उरलीच तर थेट स्वीडनला लिनियसपर्यंत पत्रव्यवहार करावा, असा तो क्रम होता. कड्याकपारींत राहणारी आणि हिवाळ्यातही जिब्राल्टर न सोडणारी एक राखट भिंगरी अशा रीतीने सेल्बोर्नच्या टिपणांत दाखल झाली. जॉन यांनी त्या प्रदेशातील प्राण्यांवर एक ग्रंथही सिद्ध केला होता. तो छापला गेला नाही आणि त्याचे हस्तलिखितही पुढे गहाळ झाले. मायदेशी परतल्यावर अवघ्या आठ वर्षांत, १७८० साली, ते वारले. एका माणसाने परमुलखात घेतलेले इतके श्रम कागदपत्रांच्या ढिगात असे नाहीसे व्हावे, ही गोष्ट मनाला लागून राहते.

गिल्बर्ट यांच्या हातून मात्र याच सुमारास एक असे काम झाले की ज्याचे महत्त्व कळावयास जगाला पुढे शंभरावर वर्षे लागली. इंग्लंडात उन्हाळ्यात येणारे, चिमणीहून लहान आणि हिरवट-पिवळ्या रंगाचे वटवटे तोवर एकाच जातीचे समजले जात असत. १७६८ सालच्या पत्रांत त्यांनी असे दाखवून दिले की ही एक जात नसून तीन आहेत, आणि त्यांचा निश्चित भेद त्यांच्या गाण्यांत आहे: एक दोनच स्वर घणाच्या ठोक्यांप्रमाणे अदलून-बदलून म्हणतो, दुसऱ्याची लकेर वरून खाली हळुवार उतरत येते, आणि तिसरा उंच झाडांच्या शेंड्यांत थरथरत्या आवाजात गातो. त्यांनी पक्षी हातात घेऊनही पाहिले होते. परंतु वाट दाखविली ती कानाने.

त्या काळच्या शास्त्रज्ञांची भूमिका न्यायबुद्धीने समजून घेतली पाहिजे. पक्ष्याचे शरीर हा त्यांच्या लेखी अस्सल दस्तऐवज होता आणि पाहणाराची जबानी ही केवळ ऐकीव साक्ष होती. दस्तऐवज दप्तरात राहतो, तो कोणालाही पुन्हा काढून तपासता येतो, आणि त्यावरून आधीच्या माणसाची चूकही दुरुस्त करता येते. दूरच्या फांदीवर क्षणभर दिसून उडालेल्या पाखराविषयी मात्र कोणी काहीही सांगावे आणि दुसऱ्याने ते खोडून काढण्यास काहीच साधन नसावे, अशी अवस्था होती. म्हणून पक्षिसंशोधकांच्या विद्येचा आरंभच बंदुकीपासून होई. मारलेल्या पक्ष्याचे पोट चिरून आतले मांस व हाडे काढावयाची, कातड्याच्या आतल्या अंगास सोमल घातलेला साबण चोळावयाचा, त्यात कापूस भरून पिसे जागच्या जागी बसवावयाची, पाय एकावर एक ठेवून बांधावयाचे, आणि पायाला एक चिठ्ठी अडकवून तिच्यावर नाव, स्थळ व तारीख लिहावयाची, असा त्याचा विधी असे. ती चिठ्ठी नसेल तर कातड्याची किंमत शून्य. युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांच्या खणांतून अशी लक्षावधी कातडी आजही रांगेने निजलेली आहेत, आणि पक्षिशास्त्राची सगळी इमारत त्यांच्याच पायावर उभी आहे, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

आता या विद्येचा एक चौदा वर्षांचा उमेदवार पाहू. १८७२ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कचे एक श्रीमंत कुटुंब दीर्घ सुटीवर इजिप्तला गेले आणि कैरोजवळ दहाबिया नावाची शिडाची गृहनौका भाड्याने घेऊन नाईल नदीतून वर निघाले. या कुटुंबातील दम्याने पछाडलेला थिओडोर नावाचा मुलगा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हावयाचा होता. त्याच वर्षी त्याला दोन गोष्टी मिळाल्या होत्या. एक फ्रेंच बनावटीची दुनळी बंदूक, आणि दुसरी त्याहूनही मोलाची, म्हणजे चष्मा. कारण बरोबरीच्या मुलांना जे दिसते ते आपल्याला दिसतच नाही, हे त्याला बंदूक हाती आल्यावरच उमगले. कातडी तयार करण्याची कला त्याला बेल नावाच्या वृद्ध गृहस्थांनी शिकविली होती, आणि हे बेल तरुणपणी ऑड्युबन या थोर पक्षिचित्रकाराच्या मोहिमेत त्याचे सोबती होते. चुलतभावांच्या मदतीने या मुलाने घरच्या घरी 'रूझवेल्ट संग्रहालय' स्थापन केले होते, आणि इजिप्तच्या सफरीची तयारी म्हणून संग्रहालयाच्या चिठ्ठ्या गुलाबी शाईत छापूनही घेतल्या होत्या.

अमेरिकेतले पक्षी त्याला बऱ्यापैकी ठाऊक होते. इजिप्तमधल्या पक्ष्यांविषयी मात्र तो पूर्णपणे अनभिज्ञ होता. कैरोच्या मुक्कामात त्याला एका इंग्रज धर्मोपदेशकाचे नाईलच्या प्रवासाचे पुस्तक मिळाले, आणि त्या पुस्तकाच्या परिशिष्टात लेखकाने आपण जमविलेल्या पक्ष्यांचा तपशील दिलेला होता. या परिशिष्टावाचून आपण केवळ अंधारात चाचपडत राहिलो असतो, असे रूझवेल्ट यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात मोठ्या कृतज्ञतेने नमूद केले आहे, आणि त्या ग्रंथकर्त्याचे नाव आपल्याला आता आठवत नाही याबद्दल हळहळही व्यक्त केली आहे. अभ्यासकांनी नंतर तो ग्रंथ रेव्हरंड आल्फ्रेड चार्ल्स स्मिथ यांचा, १८६८ साली छापलेला, असे ठरविले. हे स्मिथ विल्टशायरमधील एका लहान गावचे उपाध्याय होते, आणि त्यांनी पुढे आपल्या परगण्याच्या पक्ष्यांवरही ग्रंथ लिहिला. परदेशी सुटीवर गेलेल्या नवशिक्याला तेथील पक्षी ओळखण्यास त्या काळी जे काही साहाय्य मिळू शके ते एवढेच: कोणा पूर्वीच्या प्रवाशाने आपल्या प्रवासवर्णनाच्या शेवटी जोडलेली फेरिस्त. पक्षी मारावा, त्याचे वर्णन त्या फेरिस्तीशी ताडून पाहावे, आणि जुळेल ते लॅटिन नाव चिठ्ठीवर लिहावे. आपल्याला लॅटिन भाषेची पहिली ओळख या नावांपासूनच झाली, असे त्यांनी सांगितले आहे. ती कातडी त्यांनी पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेस दिली, आणि काही न्यूयॉर्कच्या संग्रहालयासही दिली असावीत.

या मुलाला दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. त्याच्या ठिकाणी जिज्ञासा होती, चिकाटी होती, आणि त्या काळी त्या जिज्ञासेला उपलब्ध असलेला राजमार्ग बंदुकीच्या नळीतूनच जात होता.

मधल्या काळात हा मार्ग बदलण्यास जी कारणे झाली त्यांत शास्त्राचा वाटा थोडा आणि बाजाराचा अधिक होता. पाश्चात्त्य स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे, पंख, प्रसंगी सबंध पक्षीच लावण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतकी बळावली की १८८६ साली फ्रँक चॅपमन या तरुणाने न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत दोन फेऱ्या मारून सातशे टोप्या मोजल्या, तेव्हा त्यांतील ५४२ टोप्यांवर पिसे निघाली आणि त्यांत त्याला चाळीस जातींचे पक्षी ओळखता आले. पक्षिनिरीक्षणाची अशी उद्वेगजनक नोंद दुसरी नसेल. या व्यापाराविरुद्ध जी चळवळ उठली तिच्यात स्त्रियाच अग्रभागी होत्या. त्यांपैकी फ्लॉरेन्स मेरियम या महाविद्यालयीन तरुणीने, मुलींनी पक्षी टोपीवर घालण्याऐवजी झाडावर पाहावे एवढ्यासाठी, त्यांना रानात फिरावयास नेण्याचा प्रघात पाडला, आणि १८८९ साली नाटकगृहातील लहान दुर्बिणीतून पक्षी कसे पाहावे हे सांगणारे पुस्तक लिहिले. ती दुर्बीण दोन-तीन पटींपलीकडे काही मोठे करून दाखवीत नसे. तरी बंदुकीचा पर्याय म्हणून कोणीतरी एक उपकरण सामान्य माणसाच्या हाती दिले, ही घटना लहान नव्हे. पाचच वर्षांनी, १८९४ मध्ये, जर्मनीतील येना येथे झाइसच्या कारखान्यातून लोलक बसविलेल्या प्रभावी दुर्बिणी विक्रीस निघाल्या. हिंदुस्थानातून पिसांची निर्यात करण्यास १९०२ साली सरकारने बंदी घातली.

आणि मग आपण १९१० च्या जून महिन्याशी येतो. माझ्या मते परदेशी पक्ष्यांच्या ओळखीच्या इतिहासात याहून मनोहर दिवस नोंदलेला नाही.

राष्ट्राध्यक्षपदावरून उतरलेले रूझवेल्ट आफ्रिकेतील दीर्घ शिकारमोहिमेनंतर युरोपच्या वाटेने स्वदेशी परतत होते. आपण इंग्लंडात वसंतात पोहोचू, तेव्हा तेथील पक्ष्यांचे गाणे ऐकण्याची इच्छा आहे, तरी त्या विषयाचा जाणकार एखादा सोबती मिळवून द्यावा, अशी विनंती त्यांनी वॉशिंग्टनमधील ब्रिटिश वकील जेम्स ब्राइस यांच्याकडे आधीच करून ठेवली होती. ही विनंती लंडनला पोहोचली आणि परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांनी ते काम दुसऱ्या कोणावर न सोपविता स्वतःकडे घेतले, कारण हँपशायरमधील इचेन नदीच्या खोऱ्यातले पक्षी त्यांच्याइतके फारच थोड्यांना ठाऊक होते. मध्यंतरी राजे सातवे एडवर्ड निवर्तले. अमेरिकेचे खास प्रतिनिधी म्हणून रूझवेल्ट त्यांच्या अंत्ययात्रेस हजर राहिले. समारंभ, मेजवान्या, व्याख्याने यांची रीघ लागली होती. तरीही बोटीवर चढण्यास चोवीस तास उरले असता, ९ जूनच्या सकाळी, हे दोघे आगगाडीने लंडनहून निघाले, बेसिंगस्टोकला उतरले, आणि तेथून इचेनच्या काठी जाऊन तीन-चार तास पायी हिंडले. नंतर न्यू फॉरेस्टच्या कडेच्या एका खानावळीत त्यांनी चहा घेतला आणि अरण्य पायी ओलांडून ब्रॉकनहर्स्टच्या मुक्कामास गेले.

रूझवेल्ट यांची त्या दिवशीची स्थिती मोठी विलक्षण होती. इंग्लंडचे पक्षी त्यांना काव्यांतून आणि ग्रंथांतून उत्तम ठाऊक होते, परंतु प्रत्यक्षात जवळजवळ मुळीच नाहीत. त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी राष्ट्राध्यक्ष असताना मुष्टियुद्धाच्या सरावात गेलेली होती. ग्रे यांचीही दृष्टी पुढे काही वर्षांत मंदावत गेली. म्हणून त्या फेरफटक्यात कानाचे राज्य चालले. तीन-चार पक्षी एकदम गात असले तरी रूझवेल्ट त्यांतील प्रत्येक गाणे वेगळे काढीत, प्रत्येकाचे नाव विचारून घेत, आणि पुढे तेच गाणे पुन्हा कानी पडले म्हणजे न सांगता स्वतःच नाव सांगत, अशी ग्रे यांनी नंतर हार्वर्ड येथील आपल्या भाषणात साक्ष दिली आहे. नवशिक्या असावा तर असा! सूचिपर्णी झाडांतून जाताना एका चिमुकल्या पक्ष्याची बारीक लकेर ऐकून रूझवेल्ट म्हणाले की, हे गाणे मात्र आमच्याकडच्या एका पक्ष्याशी हुबेहूब जुळते. तो पक्षी गोल्डक्रेस्ट, इंग्लंडातील सर्वांत लहान पाखरांपैकी एक, वजनाने पाच-सहा ग्रॅम. ग्रे यांनी पुढे लंडनच्या संग्रहालयातील तज्ज्ञास हा प्रसंग सांगितला, तेव्हा दोन्ही देशांत समान असे गाणे बहुधा तेवढे एकच आहे, असा निर्वाळा त्याने दिला.

दिवसअखेर ग्रे यांनी यादी केली. पाहिलेल्या जाती ४१, आणि ज्यांचे गाणे ऐकले त्या २३. गाणाऱ्यांच्या नावापुढे तारका. रूझवेल्ट यांनी ती आत्मचरित्रात जशीच्या तशी दिली आहे, आणि ती वाचताना मराठी वाचकाला पुष्कळ सोयरे भेटतात: चंडोल, टिटवी, रातवा, तित्तिर ही कुळे ओळखीची, तर टिबुकली, चांदवा आणि हिवाळ्यात तारांवर रांगेने बसणारी माळभिंगरी या जाती आपल्याकडच्याच. गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ साली याच परगण्यात कानाने वेगळे केलेले तिन्ही वटवटे या यादीत आहेत, आणि तिघांपुढेही तारका आहे. आणखी एक बारीक गोष्ट माझ्या विशेष लक्षात राहिली आहे. टिट कुळातील एका पक्ष्यापुढे त्यांनी 'कोल टिट' असे लिहिले आणि त्यास प्रश्नचिन्ह जोडले. एका साम्राज्याचा परराष्ट्रमंत्री, आपल्याच घरच्या रानात, जगप्रसिद्ध पाहुण्याच्या देखत, एका चिमुकल्या पाखराविषयी आपली खात्री नाही असे कागदावर नमूद करतो. बंदूक बाजूला ठेवल्यावर पक्षिज्ञानाला ज्या नव्या सचोटीची गरज पडणार होती ती या एका चिन्हात मला दिसते. कारण हाती पक्षी नसताना शंका दडवून ठेवणे फार सोपे असते.

त्या दिवशी रूझवेल्ट यांच्या मनावर सर्वांत मोठा ठसा उमटविला तो ब्लॅकबर्डने. हा काळा, पिवळ्या चोचीचा पक्षी आपल्या सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाशी गाणाऱ्या कस्तुराचा जवळचा नातलग. इटलीत त्यांनी नाइटिंगेल पोटभर ऐकला होता. परंतु कवींनी ज्याची कीर्ती तितकीशी गाइली नाही असा हा बागेतला सामान्य पक्षी इतका सुंदर गातो, हे त्यांना कोणत्याच ग्रंथाने नीटसे सांगितले नव्हते.

परंतु अशा प्रवाशाला सोबतीस परराष्ट्रमंत्री मिळावा हा राष्ट्राध्यक्षांचा भाग्ययोग झाला. सामान्य कारकुनाने, शिक्षकाने, सुटीवर निघालेल्या दांपत्याने काय करावे? त्यांचा प्रश्न सोडविला रॉजर टोरी पीटरसन या पंचवीस वर्षांच्या चित्रकला-शिक्षकाने. अर्नेस्ट सीटन यांच्या मुलांसाठी लिहिलेल्या एका कथेत एक मुलगा पेंढा भरलेल्या बदकांचे असे रेखाटन करतो की दुरून पाण्यावर पोहताना प्रत्येक जातीचे बदक कोणत्या ठळक पट्ट्यांवरून वेगळे पडते हे एका दृष्टिक्षेपात कळावे. ही कल्पना पीटरसन यांनी बाळपणी उचलली आणि अमेरिकेच्या पूर्व भागातील सगळ्या पक्ष्यांना लावली. पक्ष्याचे चित्र हुबेहूब आणि जिवंत असावे ही चित्रकाराची स्वाभाविक हौस त्यांनी बाजूला सारली. एकमेकांसारखे दिसणारे पक्षी एकाच पृष्ठावर, एकाच बाजूस तोंड करून, शाळेच्या कवाइतीत उभे केल्यासारखे मांडले, आणि ज्या एका-दोन खुणांवरून ते निराळे पडतात त्या खुणांकडे बारीक बाण रोखले. भुवईवरची पांढरी रेघ, शेपटीची कडा, पंखावरचा पट्टा: पाहावयाचे ते एवढेच, बाकीचे सौंदर्य सवडीने. अनेक प्रकाशकांनी ते पुस्तक परत केले. शेवटी बॉस्टनच्या हाउटन मिफ्लिन मंडळीने १९३४ च्या एप्रिलमध्ये, मंदीच्या कठीण दिवसांत, दोन हजार प्रती काढण्याचे धाडस केले, आणि त्या सुमारे आठवडाभरात संपल्या.

हे पुस्तक घरच्या पक्ष्यांसाठी होते. परदेशी प्रवाशाची खरी सोय झाली ती १९५४ साली, जेव्हा पीटरसन यांनी गाय माउंटफर्ट व फिलिप हॉलम या दोन इंग्रजांच्या सहकार्याने ब्रिटनसह सबंध युरोपच्या पक्ष्यांचे तसेच खिशात मावणारे पुस्तक सिद्ध केले. महायुद्धाने दुभंगलेल्या खंडात आइसलँडपासून ग्रीसपर्यंतचे पक्षी एकाच पुठ्ठ्यात आले, त्यांच्या वास्तव्याचे नकाशे आले, आणि नावेही एकाहून अधिक भाषांत दिली गेली. थोड्याच काळात युरोपच्या अनेक भाषांत त्याचे अनुवाद निघाले. याच सुमारास स्वस्त विमानसहली सुरू झाल्या होत्या. व्लादिमीर राइट्झ यांनी १९५० साली लंडनहून कॉर्सिका बेटावर पहिली ठरावीक खर्चाची सहल नेली. तेव्हा भूमध्यसमुद्राच्या किनाऱ्यावर पंधरवडा घालविण्यास जाणाऱ्या इंग्रज कामगाराच्याही पिशवीत हे पुस्तक जाऊ लागले. जॉन व्हाइट यांनी ज्या पक्ष्यांसाठी पेटारे भरून पाठविले आणि सोळा वर्षे वेचली, त्यांपैकी पुष्कळ आता एखाद्या दुकानदाराला जिब्राल्टरच्या खडकावर दोन तासांत ओळखता येऊ लागले.

साक्षीचा प्रश्न मात्र उरलाच होता, आणि त्याचा निकाल एका विलक्षण प्रकरणाने लागला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज गावाच्या आसपास १८९२ ते १९३० या काळात अत्यंत दुर्मीळ परदेशी पक्षी मारले गेल्याच्या नोंदी इतक्या मोठ्या संख्येने झाल्या होत्या की जाणत्यांना त्यांचा संशय येऊ लागला. १९६२ च्या ऑगस्टमध्ये 'ब्रिटिश बर्ड्स' या मासिकाने गणितशास्त्राच्या आधारे त्या नोंदींची झडती घेऊन सहाशेच्या घरातील नोंदी रद्दबातल ठरविल्या. कित्येक पक्षी परदेशात मारून जहाजाने आणले असावेत आणि इथलेच म्हणून संग्राहकांच्या गळ्यात मारले असावेत, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे जो दस्तऐवज अस्सल समजला जात होता तोही बनावट ठरू शकतो. देह खरा, परंतु पायाला बांधलेल्या चिठ्ठीवरचे गाव खोटे. त्याआधी तीन वर्षे, १९५९ मध्ये, दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये दहा जणांची एक समिती नेमली गेली होती, आणि ती पाहणाराची लेखी जबानी मागत असे. पक्षी किती अंतरावर होता, उजेड कोणत्या बाजूने होता, बरोबर आणखी कोणी पाहिले काय, जवळ बसलेल्या परिचित पक्ष्याच्या मानाने तो केवढा दिसला. न्यायालयातल्या उलटतपासणीसारखीच ही रीत. आणि तिच्यापुढे जो प्रामाणिकपणे 'हे मला दिसले नाही' असे लिहितो त्याची साक्ष अधिक मानली जाते.

हाच प्रवास मुंबईतही घडला, आणि तोही एकाच मनुष्याच्या आयुष्यात. १९०८ साली छऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक रानचिमणी घेऊन सालिम अली नावाचा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. चिटणीस मिलर्ड यांनी ती ओळखली, आणि कपाटांचे खण उघडून भारतातील चिमण्यांची कातडी एकामागून एक त्याच्यापुढे मांडली. नमुने जमविण्याचे काम सालिम अलींनी पुढे शास्त्रासाठी जन्मभर केले; परंतु १९४१ साली त्यांनी लिहिलेले भारतीय पक्ष्यांचे पुस्तक मात्र बंदूक कधीही हाती न धरणाऱ्यांसाठी होते. त्यातील मोजमापाची युक्ती मला फार आवडते. पक्ष्याची लांबी आकड्यांत देण्यावर ते थांबत नाहीत. हा चिमणीएवढा, हा बुलबुलाहून थोडा मोठा, हा साळुंकीहून लहान, हा कावळ्याएवढा, हा घारीएवढा, असे ते सांगतात, कारण पन्नास हातांवरच्या पक्ष्याला पट्टी लावता येत नाही, पण डोळ्यांत मुरलेल्या साळुंकीशी त्याची तुलना तत्क्षणी होते. अमेरिकेतील पुस्तकांत हेच काम तेथील रॉबिन करतो. याचा अर्थ असा की परदेशातून आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्याने सालिम अलींचे पुस्तक उघडण्यापूर्वी दारातली चिमणी, कुंपणावरचा बुलबुल आणि अंगणातली साळुंकी यांच्याकडे निवांतपणे पाहून घेतले पाहिजे; आणि इचेनच्या काठी उभ्या राहणाऱ्या मराठी प्रवाशाला ही मापे घरूनच बरोबर नेता येतात. ब्लॅकबर्ड साळुंकीहून किंचित मोठा, तिन्ही वटवटे चिमणीहून लहान, आणि गोल्डक्रेस्ट इतका चिमुकला की त्याच्यासाठी आपल्या शिंजिराचेच माप काढावे लागेल.